सिंधूची जबानी

'एकच प्याला'च्या पाचव्या अंकाविषयी आमच्या समीक्षेत आजवर जे लिहिले गेले आहे, त्याची दोन दप्तरे सहज बांधता येतील. पहिल्या दप्तरात सिंधूच्या पातिव्रत्याचा गौरव आहे, दुसऱ्यात त्याच पातिव्रत्याचा धिक्कार. पहिले दप्तर जुने व जाडजूड. दुसरे अलीकडचे, पण तेही आता बरेच फुगले आहे. दोन्ही पक्षांचे भांडण आहे असे वरवर दिसते. परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे, व ते असे की, मरणाच्या उंबरठ्यावर फौजदारापुढे सिंधू जे बोलते ते तिच्या स्वभावाचे प्रमाणपत्र होय. कोणी ते प्रमाणपत्र देवघरात लावतो, कोणी फाडून टाकतो. ते एक विधान आहे, सरकारी अंमलदारापुढे केलेले विधान आहे, ज्याच्यावर हत्येचा संशय आहे अशा एका माणसाला सोडविण्यासाठी केलेले आहे आणि ते खोटे आहे, ह्या चार साध्या गोष्टींकडे मात्र दोघांचेही लक्ष गेलेले दिसत नाही. सिंधूची जबानी ही जबानी म्हणूनच वाचावी, एवढाच आमचा ह्या लेखातील उद्योग आहे.

त्याला निमित्त झाले झाशीचे. ह्या गावाला नाटकाचे वेड नवीन नाही. विष्णुदास भावे सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगवीत होते त्या १८४३ सालच्या आगेमागेच येथे गंगाधरराव नेवाळकर गादीवर होते आणि त्यांना नाटकांचा मोठा शोक होता. ते स्वतः स्त्रीवेष घेऊन उभे राहत असे सांगतात. आज येथे राहिलेली जुनी मराठी घरे आणि आमच्यासारखी रेल्वेत, लष्करी हिशेबखात्यात वा इतर केंद्रीय कचेऱ्यांत बदलीवर आलेली मंडळी मिळून गणेशोत्सवात काहीतरी करतात. संगीत नाटक उभे करण्याइतके बळ नसल्यामुळे निवडक प्रवेशांचे वाचन होते. अशा एका वाचनाला शेजारचे एक वृद्ध वकील येऊन बसले होते. मराठी त्यांना निम्मेशिम्मे कळते. आमच्या बायाबापड्या डोळ्यांना पदर लावीत होत्या, तेव्हा वकीलसाहेबांनी आम्हांस हळूच विचारले, "तो फिर मुकदमा चला कि नहीं?"

आम्ही हसलो. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सिंधूला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाला तो कधीच सुचला नसता. आमच्या आजीने बालगंधर्वांची सिंधू पाहिलेल्यांकडून ऐकली, आईने आजीकडून ऐकली, आणि आम्ही आईकडून; त्यामुळे फौजदार हे पात्र आमच्या दृष्टीने सिंधूला थोरवी दाखविण्याची संधी मिळावी म्हणून आलेले एक खुंटीवजा पात्र होऊन बसले आहे. ज्याने सिंधूचे नावही पूर्वी ऐकले नव्हते, त्या माणसाला फौजदार फौजदारच दिसला.

आता वस्तुस्थिती पाहू. 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास. गडकरी त्यापूर्वी चारच आठवडे, २३ जानेवारीला, सावनेर येथे वारले होते. नाटकाचा नायक सुधाकर हा वकील आहे. न्यायालयात मानभंग होतो, सनद जाते, त्या घावावर औषध म्हणून पहिला प्याला येतो, आणि पुढचे सर्वांस ठाऊक आहे. अखेर नशेच्या भरात त्याच्या हातून पोटच्या बाळाचा जीव जातो, सिंधूही जिवावरच्या दुखापतीने पडते. फौजदार येतो. सिंधू नवऱ्यावर काहीएक दोष येऊ न देता हा सारा अपघात होता अशी जबानी देते आणि प्राण सोडते. सुधाकर दारूत विष कालवून शेवटचा प्याला घेतो.

सुधाकर वकील आहे ही गोष्ट आपण पहिल्या अंकानंतर विसरून जातो. गडकरी विसरले होते काय, हे सांगता येणार नाही. परंतु पाचव्या अंकाला खरी धार येते ती ह्याच गोष्टीने. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे ३२ वे कलम त्या काळच्या प्रत्येक वकिलाला पाठ असे. मेलेल्या माणसाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही; म्हणून एरवी ऐकीव गोष्ट न्यायालय कानावर घेत नाही. अपवाद केला तो मृत्यूच्या कारणाविषयी मृताने स्वतः जे सांगून ठेवले असेल त्याचा. ह्या अपवादाच्या मुळाशी इंग्रजी न्यायशास्त्राची एक श्रद्धा आहे. देवाच्या दारी उभा राहिलेला माणूस तोंडात असत्य घेऊन जाणार नाही, ही ती श्रद्धा. शपथेची जागा तेथे मृत्यूच घेतो.

गडकऱ्यांनी ह्या श्रद्धेवरच घाव घातला आहे. त्यांची सिंधू नेमकी देवाच्या दारी उभी राहून असत्य बोलते. आणि बोलते ते देव आहे, परलोक आहे, पाप-पुण्याचा हिशेब आहे, असे मनोमन मानीत असताना बोलते. तिचा नवरा तेथेच आहे. ह्या शब्दांचे वजन किती, हे त्या खोलीत त्याच्याइतके कोणालाच कळणार नाही. ज्या कायद्याच्या दरबारातून तो हाकलला गेला, त्या दरबारातला सर्वांत मातबर पुरावा त्याच्या बाजूने, त्याच्याच अपराधाखाली मरणारी बायको तयार करून देत आहे! मराठी नाटकात ह्याहून भयंकर क्षण फार थोडे असतील. आणि तो भयंकर आहे म्हणूनच 'पतिव्रतेचे औदार्य' हे लेबल त्यावर चिकटवून आपण मोकळे झालो, असा आमचा संशय आहे.

येथे शेक्सपिअरची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'ऑथेल्लो'तली मरणोन्मुख डेस्डेमोना, हे कोणी केले असे विचारताच नवऱ्याचे नाव न घेता ते स्वतःवर ओढून घेते. देवलांनी १८९० साली 'झुंजारराव' करून हे दुःख मराठीत आणले होते, तेव्हा मराठी रंगभूमीला ते अपरिचित नव्हते. परंतु दोन नाटकांतला भेद मोठा आहे. डेस्डेमोना बोलते ती आपल्या दासीपाशी, घरातल्या घरात. आणि तिचे असत्य क्षणभरही टिकत नाही. ऑथेल्लो स्वतःच ते झिडकारतो व हे कृत्य माझे म्हणून सांगतो. पुढे राज्याचे अधिकारी येतात, सत्य त्यांच्यापुढे उघडे होते, आणि मगच तो आत्मघात करतो. सिंधूची जबानी मात्र अंमलदारापुढे झालेली आहे. सुधाकर स्वतःला देहदंड देतो खरा, परंतु फौजदाराच्या कागदावर जे उरते ते सिंधूचेच वाक्य उरते. आम्ही कारकुनीच्या जगात वावरणारी माणसे, म्हणून आम्हांस हे विशेष जाणवते. माणूस मरतो, बदलून जातो, पश्चात्ताप करतो. फाईलवर जी नोंद झाली ती झाली.

'एकच प्याला' हे मद्यपाननिषेधाचे नाटक आहे असे शाळेपासून शिकविले जाते. तसे ते आहेच. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ ही गडकऱ्यांची अमर सृष्टी आहे हे कोण नाकारील? पण ह्या निषेधाच्या ओघात अपराधाचे पितृत्व मात्र हलके हलके बदलत जाते. पहिल्या अंकात पिणारा सुधाकर असतो. पाचव्या अंकात मारणारी दारू होते. १८६० च्या दंडसंहितेने मात्र ही पळवाट आधीच बंद करून ठेवली होती. तिच्या ८६ व्या कलमाचा आशय असा की, आपखुषीने झिंगलेल्या माणसाला तो शुद्धीवर असता तर जे ज्ञान असते तेच होते असे धरावे. नकळत किंवा बळजबरीने पाजलेल्याची गोष्ट वेगळी. सुधाकरला कोणी बळजबरी केली नव्हती. तळीरामाने मोह घातला, पण मोह म्हणजे बळजबरी नव्हे. तेव्हा नाटक ज्याला 'दारूचा बळी' म्हणते, त्याला कायदा निराळ्या नावाने हाक मारतो. ह्या दोन हाकांमध्ये जी दरी आहे, त्या दरीत नाटकाची शोकांतिका उभी राहावयास हवी होती. गडकऱ्यांनी ती दरी भाषेच्या वैभवाने बुजवली. ते वैभव इतके मोठे आहे की भर घातली आहे हे ध्यानातही येत नाही.

परंतु ह्याहूनही एक मोठी सवलत नाटककाराने आम्हा प्रेक्षकांना दिली आहे. ती म्हणजे निश्चिती. घाव पडताना आम्ही पाहिला आहे. सिंधू खोटे बोलते हे आम्हांस ठाऊक आहे, म्हणून तर आम्हांला रडू येते. फौजदार आमच्याइतका भाग्यवान नाही. त्याच्या जागी उभे राहून पाहा. दार लोटलेले घर, एक मेलेले मूल, एक मरणारी स्त्री, एक तारवटलेल्या डोळ्यांचा नवरा, आणि एक वाक्य. ह्यापलीकडे त्याच्यापाशी काही नाही. संसारात घडणाऱ्या अशा घटना जगाला नेहमी फौजदाराच्या जागेवरूनच दिसतात, प्रेक्षकाच्या जागेवरून कधीच नाही.

त्या जागेवरून दिसणारे चित्र किती अंधुक असते, ह्याचे मराठी मुलखातले सर्वांत बोलके उदाहरण नाटकात नसून एका निकालपत्रात आहे. 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' ह्या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. वकीलसाहेबांनीच आम्हांस त्याची आठवण करून दिली. आज भारतातल्या कोणत्याही जिल्हा न्यायालयात, झाशीच्या कचेरीतसुद्धा, परिस्थितिजन्य पुराव्याचा वाद निघाला की ह्या पुण्याच्या खटल्याचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. लग्न ११ फेब्रुवारी १९८२ रोजी झाले. मुलगी बीडची. नवरा रसायनशास्त्राचा अभियंता, बिऱ्हाड पुण्यास. बरोबर चार महिन्यांनी, ११ व १२ जूनच्या दरम्यानच्या रात्री, ती आपल्या बिछान्यावर मरण पावली. शरीरात पोटॅशियम सायनाइड आढळले. संसार सुखाचा नव्हता. नवऱ्याचे मन अन्यत्र गुंतले आहे असे तिला वाटत होते, अशी फिर्यादी पक्षाची बाजू होती. खोलीत कोणी तिसरा नव्हता. नवऱ्याने विष दिले, की तिने ते घेतले?

पुण्याच्या सत्र न्यायालयाने नवऱ्याला दोषी धरून फाशीची शिक्षा दिली. मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्याच कागदांवरून हे घडले. नवा साक्षीदार आला नाही, नवी वस्तू सापडली नाही. वाचन मात्र बदलले.

आणि वाचावयाचे कागद कोणते? तर तिने आपल्या बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे. सिंधूची जबानी आणि ही पत्रे कायद्याच्या एकाच कलमातून न्यायालयाच्या दारात येतात. मेलेल्या पत्नीचा शब्द, एवढीच दोहोंची ओळख. नाटकातला शब्द खोटा आहे आणि तो पूर्ण मोलाने चालतो. पुण्याच्या खटल्यातला शब्द अकृत्रिम होता, तिच्या हाताचा होता, ह्याविषयी शंका नव्हती. पण तेवढ्यावर एका माणसाला फासावर चढविण्याचे वजन त्याला पेलेना. खालच्या न्यायालयांनी त्या पत्रांत छळ झालेल्या, भ्यालेल्या स्त्रीचा सूर ऐकला. न्यायमूर्ती फजल अली ह्यांनी त्याच पत्रांत एका हळव्या, भावनाप्रधान, एकटी पडत चाललेल्या मनाचा सूर ऐकला; असे मन आत्मघाताकडेही वळू शकते, ही शक्यता त्यांनी उघडी ठेवली. विषप्रयोगाचा आरोप सिद्ध व्हावयाचा तर हेतू स्पष्ट हवा, मृत्यू त्या विषानेच झालेला हवा, विष आरोपीच्या ताब्यात असल्याचा पुरावा हवा, आणि ते देण्याची संधी त्याला मिळालेली हवी. ह्यांतली ताब्याची कडी सापडली नाही. अपराध 'झाला असावा' आणि 'झालाच असला पाहिजे' ह्या दोहोंतले अंतर फार मोठे आहे, ते अनुमानाने ओलांडता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. परिस्थितीच्या साखळीची जी पाच लक्षणे त्या निकालात सांगितली आहेत, त्यांना न्यायमूर्तींनी स्वतःच 'पंचशील' म्हटले आहे. ते आता प्रत्येक विधी महाविद्यालयात घोकले जाते.

निकालाच्या न्यायाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही, आणि त्या माणसाला न्यायालयाने निर्दोष ठरविले आहे हे ध्यानात ठेवूनच आम्ही बोलत आहोत. आम्हांला बोलावयाचे आहे ते पत्रवाचनाविषयी, कारण तो साहित्याच्या अभ्यासकाचा प्रांत आहे. नव्या सुनेने लिहिलेले पत्र हा आमच्याकडे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होता. त्याचे अलिखित नियम होते. पत्र घरातल्या कोणाच्याही हाती पडू शकते, हे गृहीत धरून ते लिहावयाचे. दुःख सांगावयाचे, पण त्याला 'तशी मी सुखात आहे' असे वेष्टण घालावयाचे. नवऱ्याविषयी लिहावयाचे तर त्याच्या बाजूनेही एक वाक्य टाकावयाचे. वडीलधाऱ्यांना काळजी नको म्हणून निम्मे गिळावयाचे आणि उरलेल्या निम्म्यात ते गिळलेले सूचित करावयाचे. आमच्यापैकी ज्यांच्या बहिणी लग्न होऊन दूर गेल्या, त्यांना ही भाषा वाचता येते; पोस्टकार्डावरील 'बाकी ठीक' ह्या दोन शब्दांवर घरात रात्रभर बोलणे होत असे. अशा पत्रातील विषण्णता ही लिहिणारीच्या स्वभावाची, की तिच्या परिस्थितीची, हे अक्षरांवरून ओळखणे समीक्षकालाही अवघड आहे. न्यायमूर्तींनी ते मनोविश्लेषणाच्या ग्रंथांच्या आधाराने ओळखू पाहिले. त्यांचे ते वाचन सर्वस्वी पटेलच असे नाही. स्वभाव आणि परिस्थिती ही दोन वेगळी खाती त्यांनी धरली; सासरी नव्याने गेलेल्या मुलीच्या बाबतीत ती खाती चार महिन्यांत एकमेकांत मिसळून जातात, हे त्यांच्या हिशेबात पुरेसे आले नाही असे आम्हांस वाटते. तरीही एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. पत्रांचे दोन अर्थ होतात, दोन्ही प्रामाणिक वाचनातून निघतात, आणि म्हणून एका अर्थावर माणसाचा जीव घेता येत नाही, हे म्हणण्याइतका संयम त्यांनी दाखविला. आमच्या समीक्षेत एवढा संयम क्वचित आढळतो.

ह्या निकालपत्रानंतर 'एकच प्याला'कडे वळले म्हणजे काय उणे आहे ते कळते. आमच्या रंगभूमीला संशय वर्ज्य आहे असे नव्हे. नवऱ्याचा बायकोवरील संशय तर देवलांनी रडवूनही दाखविला आणि 'संशयकल्लोळा'त हसवूनही दाखविला. परंतु बंद दाराआड एक जीव गेला आहे, उरलेल्या जोडीदाराकडे सारे गाव पाहते आहे, आणि पडदा पडेपर्यंत खरे काय ते कोणालाच कळणार नाही, असा संशय आमच्या नाटककारांना सोसत नाही. न्यायालयाचे दृश्य आले तरी प्रेक्षकाला आतली खबर असते. अत्र्यांच्या १९६२ सालच्या 'तो मी नव्हेच'मध्ये आरोपी शपथेवर नाकारीत राहतो आणि आम्ही खुर्चीत बसून खदखदून हसतो, कारण तोच तो, हे आम्हांस पहिल्यापासून ठाऊक आहे. रहस्यनाटकांची लाट पुढे आली, पण त्यांतला संशय भाड्याचा. तिसरा अंक संपण्यापूर्वी तो मूळ मालकाला परत करावाच लागतो. अनिश्चितीत प्रेक्षकाला घरी पाठविण्याचे धैर्य वेगळे.

सिंधूची जबानी खोटी आहे हे आम्हांस ठाऊक नसते तर? मूल खरोखरच हातून पडले असते आणि सुधाकर केवळ व्यसनी होता म्हणून गावाने त्याला खुनी ठरविले असते तर? किंवा उलट, जबानी ऐकून फौजदार निघून गेला आणि सुधाकर जगला, सनद परत मिळाली, त्याच गावात वकिली करू लागला तर? सुधाकरला तत्काळ विष देऊन गडकऱ्यांनी ह्या दुसऱ्या नाटकाची शक्यता मिटविली. असत्याने वाचविलेला माणूस वाचल्यावर कसा जगतो, हे पाहण्यासारखे होते. मरण ही सुधाकरच्या बाबतीत शिक्षा नसून सुटका आहे, आणि नाटककाराची तर दुप्पट सुटका आहे.

कायदा मात्र सारडा खटल्यापाशी थांबला नाही. निकालाच्या आधीच, १९८३ साली, विवाहितेच्या छळासाठी दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले. लग्नापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर चौकशीची पद्धत अधिक कडक झाली. १९८६ साली हुंडाबळीचे स्वतंत्र कलम आले. पुढे २००६ साली 'त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा महाराष्ट्रातलेच एक बंद घर आले. बायको सर्पदंशाने मेली असे सांगण्यात आले होते. ते टिकले नाही, शिक्षा कायम झाली. न्यायालयाने तेथे पुरावा कायद्याच्या १०६ व्या कलमावर भर दिला. जी गोष्ट विशेषेकरून एकाच माणसाला ठाऊक असणार, तिचा खुलासा करण्याचे ओझे त्या माणसावरही येते. चार भिंतींच्या आत घडलेल्या अपराधाला साक्षीदार मिळणार नाहीत, हे न्यायालयाने उघड शब्दांत मानले. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तेथे मृत्युपूर्व जबानीचे कलम २६ वे आणि हे खुलाशाचे कलम १०९ वे झाले. आकडे बदलले, बंद घर तेच आहे.

ह्या दृष्टीने सिंधूच्या जबानीत एक छिद्र दिसते, आणि ते केवळ कायद्याचे नाही. मृत्युपूर्व जबानीला जो मान दिला आहे तो मुख्यतः बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मृत्यूविषयीच्या बोलण्याला. सिंधू स्वतःच्या मरणाविषयी काय वाटेल ते सांगो. आपल्यावरच्या घावाला अपघात म्हणण्याचा, तो घाव विसरण्याचा, त्याचे ओझे नवऱ्याच्या डोक्यावरून काढून टाकण्याचा तिला अधिकार आहे. त्याला पातिव्रत्य म्हणा, प्रेम म्हणा, भोळेपणा म्हणा. परंतु त्या घरात दोन प्रेते आहेत. दुसऱ्याच्या वतीने कोण बोलणार? बाळाला शब्द नाहीत, पत्रे नाहीत, वकील नाही. त्याचा एकमेव साक्षीदार त्याची आई, आणि ती साक्ष फिरवून बसली आहे. ज्या क्षणाला आम्ही शंभर वर्षे औदार्याचा क्षण म्हणत आलो, त्या क्षणी एका आईने आपल्या मुलाचा खटला काढून घेतला आहे. गौरवाच्या दप्तरात ह्याची नोंद नाही, आणि नवल असे की धिक्काराच्या दप्तरातही नाही. तेथेही सारा वाद नवरा आणि बायको ह्या दोघांपुरताच चालतो.

गडकऱ्यांना हे दिसले होते काय? आमच्या मते अर्धवट दिसले होते. एरवी त्यांनी त्या बाळासाठी अंगाईचे सूर, उपासमार, दळणाचे जाते, एवढे सारे इतक्या मायेने मांडले नसते. सिंधू आई म्हणून जितकी खरी आहे तितकी पत्नी म्हणून नाही, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. पत्नी सिंधू बोलते तेव्हा भाषा अलंकार घालून येते, आई सिंधू बोलते तेव्हा ती साध्या लुगड्यात असते. म्हणूनच शेवटच्या जबानीत आईने पत्नीपुढे माघार घ्यावी, हे नाटकाच्या आतल्या तर्काला धरून नाही. तेथे एक झगडा हवा होता. दोन वाक्यांचा का होईना. फौजदाराने मुलाविषयी विचारावे, आणि नवऱ्याविषयी न अडखळलेली जीभ तेथे अडखळावी.

लेखनात हे नसले तरी प्रयोगात आणता येईल, शब्दाला धक्का न लावता. आम्ही पाहिलेल्या हौशी प्रयोगांत ते बाळ म्हणजे कापडाचे एक गाठोडे असते. घाव पडून गेला की ते कोपऱ्यात सरकविले जाते, नाहीतर पात्रांच्या पायांत येते म्हणून विंगेत जाते, आणि मग सारा उजेड सिंधूच्या चेहऱ्यावर. ते गाठोडे तेथेच राहू द्यावे. फौजदार लिहून घेत असताना त्याच्या व सिंधूच्या मध्ये ते सर्वांना दिसत असावे. आणि फौजदाराने कागदावरून नजर उचलून एकदा तरी तिकडे पाहावे.